कावळा शिवला तेव्हा

भाजीत मीठ किती घालायचं, हेसुद्धा वेणू आबांना विचारायची. गावची होडी चालवणारे तिचे वडील, ते आबा गेले. दहाव्याला नदीकाठी पिंड ठेवला आणि कावळा लगेच शिवला. वेणूला मात्र रडू कोसळलं. आबांचा जीव आपल्यासाठी थोडा तरी घुटमळेल, असं तिला वाटलं होतं.

"पिंड मी मांडलाय! माझ्या भावाची एकही इच्छा मागे राहिली नाही," धोंडबाकाकांनी साऱ्या गावादेखत मिशीला पीळ दिला.

घरी येताच तेच काका पंचांसमोर म्हणाले, "आबांची एक इच्छा राहून गेली, वेणू. तू माझ्या बिजवर मेव्हण्याशी लग्न करावंस आणि होडी माझ्या हवाली करावीस."

सवयीनं वेणूची नजर आबांच्या रिकाम्या बाजेकडे गेली. 'आबा, काय करू?' हे ओठांवर आलेलं तिनं गिळलं.

"काका, इच्छा राहिली असती तर कावळा शिवला असता का? आबांची एकही राहिली नाही, हे तुम्हीच गावाला सांगितलंत. आता राहिलीय ती माझी. होडी मी चालवणार आणि लग्नाचं माझं मी बघेन."

पंचांनी माना डोलावल्या. काकांनी पागोटं उचललं आणि घरची वाट धरली.

सुतक फिटल्यावर वेणूनं कुणाला न विचारता भाजीत मीठ घातलं. अगदी बरोबर पडलं होतं. तसं सांगायला मात्र घरात कुणी नव्हतं.