भिवराईने मोजलेलं पाऊल

घाटात गाडीरस्ता नव्हता आणि गूळ-मीठ माणसांच्या डोक्यावरून चढत-उतरत होतं, त्या काळातली ही गोष्ट. घाटमाथ्यावरच्या कातळवेढे गावात हैबती चांभाराची मुलगी भिवरा नऊ वर्षांनी परत आली. ती लहान असतानाच दूर पलटणीच्या गावी मामाकडे राहायला गेली होती आणि शिपायांचे जोडे शिवणाऱ्या उस्ताद रहीमबक्षच्या हाताखाली शिकली होती. उस्ताद सांगायचा, आधी पाय शीक, कातडं मागून शीक.

वाटभर तिला वाटत होतं, माझा बाप ज्या गावाला वहाणा पुरवतो, ते गाव किती ताठ चालत असेल. वेशीतून आत आली तेव्हा तिने पाहिलं, गाव लंगडत होतं. कुणाची करंगळी सोललेली होती, कुणाच्या टाचेला चिंधी बांधलेली होती. आणि सगळ्यांच्या वहाणा शिवणारा तिचा बाप अनवाणी बसला होता. त्याच्या टाचांच्या भेगांत ज्वारीचा दाणा मावला असता. गावच्या रस्त्याने वहाण घालून चालायची चांभारवाड्याला मुभाच नव्हती.

"आबा, माप कसं घेता?" तिने विचारलं.

हैबतीने कोपऱ्यातला काड्यांचा जुडगा दाखवला. चांभाराचा हात पायाला लागला तर विटाळ होतो, असं गाव मानायचं. म्हणून ज्याला वहाण हवी, तो पायाच्या लांबीची काडी मोडायचा आणि चांभारवाड्याच्या तोंडाशी असलेल्या चिऱ्यावर ठेवून जायचा.

"काडीला लांबी कळते," भिवरा म्हणाली. "पायाची रुंदी कशी कळेल? सूज कशी कळेल?"

"माझ्या आज्यापासनं काडीच येतीय," हैबती म्हणाला. "आपल्यापुढं पाय कोण करतंय, पोरी?"

त्याच दिवसांत थोरल्या पाटलीणबाईंचा पाय चिघळला. त्या रावजी पाटलाच्या आई. गेलं वर्षभर त्यांच्या पायांना आधी मुंग्या येत, मग पाय बधिर होत, मग काहीच कळेनासं झालं. उजव्या करंगळीला जखम झाली आणि महिन्याभरात कडेने काळी पडू लागली. वैद्याने हात टेकले. तेव्हा पाटलाने चांभारवाड्यात निरोप धाडला, "वहाण तुझी, तवा जखम बी तुझी. आईचा पाय गेला तर अवसेआधी गाव सोडायचं."

हैबतीने आरी आणि कातडं कापायची रापी फडक्यात बांधायला घेतली. चार पिढ्यांचं घर होतं ते.

भिवराने निरोप आणणाऱ्यालाच उलटा निरोप दिला. "पाय बघितल्याशिवाय मला काही सांगता यायचं नाही. पाय इकडे आणा."

असा निरोप पाटलाच्या दारात कधी गेला नव्हता. पाटील संतापला. पण म्हातारी म्हणाली, "पाय माझा हाय, रावजी. तुझा असता तर बसला असतास इटाळ धरून. गाडी जुंप."

दिवस कलताना गाडी चांभारवाड्याशी थांबली. गाव चार हात लांब उभं राहिलं. भिवराने पाणी कोमट केलं, आपलं कोपर बुडवून बघितलं, कारण बधिर पायाला पोळलेलं कळत नाही. मग तिने तो पाय आपल्या मांडीवर घेतला. कुणी तरी मागे चुकचुकलं. तिने मान वर केली नाही.

असं म्हणतात, पहिल्या घंगाळातलं पाणी काळं झालं, दुसऱ्यातलं तांबडं झालं, आणि सातव्या घंगाळातलं इतकं नितळ राहिलं की त्यात शुक्राची चांदणी उतरली. भिवराने बोटांच्या बेचक्या मऊ फडक्याने एकेक करून कोरड्या केल्या. नंतर तिने वहाणेत हात घातला आणि आतून बोटं फिरवली. तळातून बाभळीचा काटा वर आलेला होता. असं म्हणतात, तो बोटभर लांब होता, आणि म्हातारी महिनाभर त्याच्यावरून चालत होती.

"बगा आईसाब, काटा हुता," हैबती म्हणाला. त्याच्या जिवात जीव आला. पाटलाचीही मान हलली. भिवरा तिथेच गप्प राहिली असती तर बाप सुटला असता.

"काट्याने तळवा टोचला," भिवरा म्हणाली. "करंगळीची जखम काट्याची नाही. ती वहाणेचीच आहे. आमच्या."

हैबतीने डोळे मिटले.

तिने चिऱ्यावर ओली राख पसरली आणि म्हातारीला त्यावर उभं केलं. उठलेल्या पावलावर वहाण ठेवली. लांबी तंतोतंत जुळली. पण दोन्ही कडांनी पाऊल बोट-बोटभर बाहेर उरलं होतं. त्यात दिवसभराची सूज होती, आणि काडी तर पहाटे, सूज चढायच्या आत मोडलेली होती.

म्हातारीने वाकून त्या राखेकडे बघितलं. "पन्नास वर्सं मीच काडी धाडली," ती म्हणाली. "हैबती काय काडीला इचारणार हुता, बाई तुझी करंगळी कुठं ऱ्हाती म्हनून? त्याला घालवायचं तर काडी धाडनाऱ्या हरेक घराला घालवा. मग पाटीलकी कुनावर करशील, रावजी?"

गाव सोडायची गोष्ट पाटलाने पुन्हा काढली नाही. गाडी परत गेली. हैबतीचं बोचकं त्याच रात्री सुटलं.

ती जखम तीन महिन्यांनी भरली. रोज संध्याकाळी भिवरा पाय धुवायची, बघायची, टाचेला तेल लावायची, बेचक्या मात्र कोरड्या ठेवायची. रुंद, मऊ तळाची वहाण घालून म्हातारी पुढे अकरा वर्षं चालली. चिऱ्यावरची राख आषाढाच्या वाऱ्याने उडाली नाही, पावसाने वाहिली नाही, ती दगड होऊन बसली, असं म्हणतात. तो चिरा गावात दाखवतात.

कातळवेढ्यात अजूनही नवं पायताण सकाळी घेत नाहीत. दिवस कलल्यावर वर्तमानपत्रावर उभं राहून दोन्ही पावलं रेखायची, कागद कापायचा आणि तो घेऊन तालुक्याला जायचं. तिथले दुकानदार कागद बघूनच गाव ओळखतात आणि थोडं हसतात. पायात काही घालण्याआधी आत हात फिरवायचा, हे तिथलं रांगतं पोरही शिकतं. आणि वर्षातून एका संध्याकाळी, ज्येष्ठाच्या अवसेला, घरोघर एकमेकांचे पाय मांडीवर घेऊन धुतात. सून सासूचे धुते, सासू सुनेचे धुते, आणि कोण कुणाचे धुवावेत याला त्या संध्याकाळी काही नियम नसतो. त्याला भिवराईची आंघोळ म्हणतात.

पण गाडी परत गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी यातलं काहीच नव्हतं. चिऱ्यावर नेहमीसारख्या अकरा काड्या येऊन पडल्या होत्या. अकरा काड्या म्हणजे अकरा जोड, म्हणजे महिन्याची भाकरी. हैबती उचलायला वाकला. भिवराने त्याचा हात धरला.

"काडीवर आता शिवायचं नाही, आबा," ती म्हणाली. "ज्याला वहाण हवी, त्याने पाऊल घेऊन यावं."

"आन् कुनी आलंच न्हाई तर?"

तिने काड्या बाजूला सारल्या, ताजी राख कालवून चिऱ्यावर म्हातारीच्या पावलाशेजारी पसरली आणि वाट बघायची ठरवली.