साहेबांची नवी गाडी

भाटकरबाईंना खाडीकाठचं एक घर मनापासून आवडलं. पण गावच्या पतपेढीचे व्यवस्थापक खोतकाका म्हणाले, "बाई, या घराला मी कर्ज देणार नाही. उधाणाला तिथं पाणी शिरतं."

मग ते घर विकणाऱ्या बिल्डरने पुण्याच्या कर्जकंपनीच्या सबनीस साहेबांना बोलावलं. नेमकी अमावस्या, दोन दिवसांची संततधार, आणि बाराला भरती. साडेअकराला साहेबांनी त्याच घरात कागद पुढे सरकवले.

"पतपेढीला काय कळतं? आमच्या अहवालात घर कोरडं आहे. आत्ता सही करा, नाहीतर घर दुसऱ्याला जाईल."

बिल्डर सारखा घड्याळ बघत होता. बाईंनी पेन उचललं.

"साहेब, नवी गाडी घेतलीत म्हणे, ती कुठं दिसली नाही."

"वर देवळापाशी लावलीय. यांनीच सांगितलं," साहेबांनी बिल्डरकडे बोट दाखवलं.

"ती खाली अंगणात आणा. भरती उतरेपर्यंत उभी राहू द्या, मग सही करते."

साहेबांचा हात खिशातल्या किल्लीवर गेला आणि तिथंच राहिला. शेवटी त्यांनी कागद गोळा केले.

बाई थेट पतपेढीत गेल्या.

"खोतकाका, कर्ज तुमच्याकडूनच घेणार. आता तुम्ही हो म्हणाल असं घर सांगा."