चौकाची मोजणी

कारंजा चौकात चाळीस वर्षं बांगड्या भरणाऱ्या हौसाबाई कासार नगरपालिकेच्या सभेत बसल्या होत्या खऱ्या, पण त्यांच्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता. समोर मुख्याधिकारी टेंभेकर ऐटीत आराखडा दाखवत होते. दोनशे वर्षांचं दगडी कारंजं काढायचं, विक्रेत्यांना हटवायचं आणि तिथं वाहनतळ करायचा!

“गेल्या सोमवारी आमच्या माणसांनी दिवसभर मोजणी केली,” ते म्हणाले. “चौकात जेमतेम अकरा माणसं फिरकली. असली ओसाड जागा राखायची कुणासाठी?”

हौसाबाई ताडकन उठल्या. “मोजणी मीही केलीय, साहेब. काल दिवसभर या नगरपालिकेच्या पायरीवर बसून. आत एक माणूस फिरकला नाही. तुम्हीसुद्धा नाही! मग वाहनतळ इथंच करा की.”

सभागृहात हशा पिकला. साहेब लालबुंद झाले.

“अहो बाई, काल रविवार होता! रविवारी कचेरी बंद असते, हे शेंबड्या पोरालासुद्धा कळतं!”

“आणि सोमवारी आमचा बाजार बंद असतो,” हौसाबाई कडाडल्या. “पुढच्या वेळी मोजणीला ते शेंबडं पोरच पाठवा!”