टिटवीच्या पिल्लांचा चारा

फार जुनी गोष्ट. एका रानात पाडसं पटापट मरू लागली. हत्तीणबाईंनी घुबडाच्या पोटापाण्याची सोय लावून त्याला कारण शोधायला बसवलं. कारण सापडलं. सगळे ज्याचं पाणी पीत, त्या ओढ्याच्या उगमाशी मेलेला रेडा कुजत होता.

टिटवी म्हणाली, "सिंहाने हुकूम दिला तर तरस ते मढं ओढून नेतील. मी रोज त्याच्या गुहेपाशी ओरडेन. तेवढं माझ्या पिल्लांच्या चाऱ्याचं बघा, बाई."

"अगं, कारण कळलं ना? आता नुसतं ओरडायला चारा कशाला?"

एका हाकेने सिंह कूसही बदलत नाही, हे टिटवीला ठाऊक होतं. ती किडे वेचायला गेली.

एके सकाळी हत्तिणीचं पिल्लू उठलंच नाही. ती घुबडापुढे हंबरडा फोडून म्हणाली, "माझं बाळ कशाने गेलं रे?"

"ते मागेच शोधून ठेवलंय, बाई."

टिटवी जवळच होती. पण तिच्या चोचीत पिल्लांसाठी धरलेला किडा होता.