दहा बाय अकराच्या खोलीसाठी स्पीकर

"...आणि खोली दहा बाय अकराची असेल तर चार इंचीच घ्यावेत ना, चाचा? की पाच इंची चालतील?"

दस्तगीरचाचांनी मान वर केली नाही. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली दोरा सरकवत तारेला गोल, घुमणारा सूर यावा म्हणून ते जवारी लावत होते. मिरजेच्या त्या दुकानात पन्नास वर्षं त्यांनी हेच काम केलं होतं, आणि ते करताना कोणी बोललेलं त्यांना खपत नसे.

हेमंतला हे ठाऊक होतं. शाळेत असताना दोन उन्हाळे तो इथेच त्यांच्या हाताखाली शिकला होता. पण आता तो सांगलीच्या एका तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवत होता, आणि शिकवणाऱ्या माणसाला गप्प बसणं जरा जडच जातं.

तो बोलत राहिला. फळीवर मावतील असे छोटे स्पीकर हवेत, खिशालाही झेपले पाहिजेत. लहान खोलीत मोठे आणले की खर्ज नुसता घुमतो. भिंतीपासून वीतभर तरी पुढे ठेवावे लागतात. दोन स्पीकर आणि ऐकणारा, तिघांमध्ये अंतर सारखं लागतं. तीन महिने त्याने या विषयाचा कीस पाडला होता. शेवटी दोन जोड्या उरल्या. ओळखीच्या दुकानदाराने दोन्ही आठवडाभर वापरून बघायला दिल्या होत्या आणि सोमवारी त्यातली एक परत करायची होती.

चाचांनी तार छेडली, ऐकली, दोरा केसभर मागे घेतला...

मग विचारलं, "ऐकणार कोण?"

"आप्पा."

आप्पा म्हणजे हेमंतचे वडील, प्रल्हाद गुरव. चाळीस वर्षं त्यांनी गाणाऱ्यांना पेटीची साथ केली. आठ महिन्यांपूर्वी त्यांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. भाता मारणारा हातच गेला, तिथे पेटीही संपली. वाचा शाबूत राहिली होती, पण ते बोलेनासे झाले. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून असत. हेमंतने एकदा त्यांच्याच साथीची एक जुनी मैफल मोबाइलवर लावली, तर एवढंच म्हणाले, "बंद कर."

मोबाइलचा आवाज फार किरटा येतो, असं हेमंतने ठरवून टाकलं. चांगला आवाज कानावर पडला की आप्पा पुन्हा माणसांत येतील. त्याची सगळी भिस्त यावर होती. मोजमापं घेऊन बापाला परत आणू पाहणाऱ्याला हसू नये. बाप हातातून निसटायला लागला की मुलाला जे येतं, तेच तो करतो.

"त्यांना विचारलंस?" चाचा म्हणाले.

"विचारलं. म्हणाले, दोन्ही चांगले आहेत."

"मग झालं की."

"नाही झालं, चाचा. दोन्ही चांगले म्हणजे त्यांनी ऐकलेलेच नाहीत." हेमंतचा आवाज जरासा फाटला. "ते ऐकतच नाहीत हो काही."

चाचांनी तंबोरा गवसणीत घातला आणि पायांत चपला सरकवल्या.

"चल. खोली बघू."

घरी पोचले तेव्हा चार वाजले होते. या वेळी हेमंतची बायको वैशाली आप्पांना चाकाच्या खुर्चीतून अंगणात उन्हाला नेत असे. चाचा त्यांच्यापाशी थांबले, त्यांचा धड हात हातात घेतला, थोडा वेळ तसेच उभे राहिले. मग चाचा आत आले.

खोलीची हेमंतने प्रयोगशाळाच करून टाकली होती. समोरच्या भिंतीला दोन लोखंडी ट्रंका, त्यांवर दोन्ही जोड्या. फरशीवर खडूच्या रेघा. रेघा जिथे मिळत होत्या तिथे एक वेताची खुर्ची, आणि ती हलू नये म्हणून तिच्या चारही पायांभोवती खडूचे गोल.

"बसा," हेमंत अभिमानाने म्हणाला. "इथे बसलं की गाणारा बरोबर समोर बसल्यासारखा वाटतो."

चाचा बसले नाहीत.

"इथं कोण बसतं?"

"मीच. रोज तास-दीड तास बसतो. बारीकसारीक फरक इथूनच कळतात."

"आणि प्रल्हादराव?"

हेमंतने हात दाखवला. खुर्चीच्या मागे, दाराजवळच्या कोपऱ्यात आप्पांची खाट होती. दाखवता दाखवता त्याचा हात हवेतच थांबला. एवढ्या रेघा ओढल्या, पण त्यातली एकही त्या खाटेपर्यंत गेली नव्हती.

तो ओशाळला. मग घाईघाईने बोलू लागला. खाट पुढे ओढता येईल, स्पीकर जरा वळवता येतील, उंची थोडी कमी करावी लागेल...

"आडवा हो."

"काय?"

"त्यांच्या जागेवर. आडवा हो."

हेमंत खाटेवर निजला. पाठीवर, छताकडे बघत.

"ते असे झोपतात?"

तो कुशीवर वळला, भिंतीकडे तोंड करून. उशीला आप्पांच्या डोक्याच्या तेलाचा वास होता. एक कान उशीत बुजला. भिंतीचा पोपडा नाकापासून चार बोटांवर होता आणि त्यापलीकडे दिसायला काही नव्हतं.

"लावा आता, चाचा. आधी काळी जोडी लावा."

चाचांनी काही लावलं नाही. खडूचे गोल मोडत त्यांनी वेताची खुर्ची खिडकीपाशी ओढली आणि तिच्यात बसून राहिले.

"चाचा?"

"ऐक."

...

आधी पंखा ऐकू आला. मग स्वयंपाकघरातला नळ. मग अंगणातून कोणीतरी कढीपत्ता मागितला, वैशालीने स्वयंपाकघरातूनच घेऊन जा म्हणून सांगितलं. हेमंतला थोडा राग आला. परीक्षा कशाची चालली आहे, ते त्याला कळेना. वेळ जाता जाईना. भिंतीकडे तोंड करून पडलेल्या माणसाची पाच मिनिटं किती लांब असतात, हे त्याला पहिल्यांदाच समजत होतं.

मग पावलं आली.

वैशालीची होती. तिच्या सपाता फरशीवर घासत वाजतात. स्वयंपाकघरातून निघाल्या, माजघर ओलांडलं, दाराशी येऊन थांबल्या. चहाचं विचारायला आली असावी. हा निजलेला दिसला, चाचा गप्प बसलेले दिसले.

हेमंतने श्वास रोखून धरला होता. का, ते त्याला सांगता आलं नसतं. पाठीमागे दारात कोणीतरी आपलं माणूस उभं होतं, आणि ते आत यावं, एवढंच त्याला वाटत होतं.

सपाता वळल्या. घासत घासत परत गेल्या.

हेमंत हलला नाही.

तो स्वतः रोज सहाला घरी यायचा. बूट काढायचा आणि याच दाराशी येऊन डोकावायचा. आप्पांची पाठ दिसायची. झोपलेत, म्हणायचा, आणि आवाज न करता माघारी जायचा. झोपमोड नको म्हणून. आठ महिने रोज. या आठवड्यात आप्पा जागे असताना रोज स्पीकर लावायला आला, तेव्हाही पाठ खाटेकडे आणि तोंड रेघांकडे करून बसला.

"काय ऐकलंस?" चाचांनी विचारलं.



"पावलं."

"कुठवर आली?"

"...दारापर्यंत."

हेमंत उठून खाटेच्या कडेवर बसला. डोळे पुसायला रुमाल मिळेना, तेव्हा त्याने आप्पांच्या चादरीचं टोक घेतलं. चाचा तेवढा वेळ खिडकीतून बाहेर बघत राहिले. फार जुन्या ओळखीच्या माणसालाच असं बघणं जमतं.

बऱ्याच वेळाने, काहीतरी बोलायला हवं म्हणून, हेमंत पुन्हा स्पीकरकडे वळला. आता त्याच्या आवाजात शिकवणारा कोणी नव्हता.

"पण चाचा, घेऊ कुठले? सोमवारी सांगायचंय."

"फरक काय दोघांत?"

"आवाजात उन्नीस-बीस. काळी जोडी मोबाइलवर चालते. मी कॉलेजात असलो तरी तिथून आप्पांना सकाळचा राग लावून देऊ शकतो, यायची गरजच नाही. आवाज कमी-जास्त, गाणं बदलणं, सगळं तिकडूनच."

"आणि ही तपकिरी?"

"ती जुन्या पद्धतीची आहे. बटण मागच्या बाजूला. दर वेळी जवळ जाऊन, वाकून लावावी लागते."

अंगणातून चाकाच्या खुर्चीचा आवाज येऊ लागला. वैशाली आप्पांना आत आणत होती. चाचा उठले, दारापाशी काढलेल्या चपला घातल्या. हेमंत त्यांच्या तोंडाकडे बघत होता.

"हात लावल्याशिवाय जी वाजत नाही," चाचा म्हणाले, "ती घे."