तळ्याचं पान आणि बयजाबाई

एक जंगल होतं. जंगलाला सरकार होतं, म्हणून राज्यपालही होत्या: बयजाबाई म्हैस. दूरच्या राजधानीतल्या सिंहाने त्यांना नेमलं, कारण त्या कुणाच्या अध्यात ना मध्यात. सचिव बगळा त्यांच्या पाठीवरच बसायचा.

तिथली रीत अशी, की कायदा पळसाच्या पानावर लिहायचा आणि राज्यपालांनी ते पान खायचं. पोटात गेलं की कायदा लागू. बयजाबाईंनी मुकाट्याने ढीगभर पानं खाल्ली. एका पानात सशांचं कुरण गेलं. पान गोड होतं, एवढंच बाईंना आठवायचं.

प्रकरण दुसरे

(हे प्रकरण सरकारने जनहितार्थ मागे घेतले आहे.)

प्रकरण तिसरे

मुख्यमंत्री तरस नवं पान घेऊन आले. एकुलतं एक तळं मगरींना चालवायला द्यायचं होतं.

"बंधूंनो आणि भगिनींनो," तरस म्हणाले. समोर एकटी म्हैस होती. "तळं तुमचंच आहे. म्हणून तर मगरींना देतोय."

"आणि पाणी प्यायचं कुठे?"

"तिथेच. रांगेत."

"रांगेच्या टोकाला कोण?"

"मगर."

बाईंच्या अंगावरचा दुपारचा चिखल अजून ओला होता. उद्या डुंबायचं कुठे, हे त्यांना कळेना.

"नाही म्हणता येतं का हो?" त्यांनी बगळ्याला विचारलं.

"नाही, बाईसाहेब. नियम आहे."

"आणि गिळलेलं परत वर आणायचं नाही, असा नियम आहे?"

बगळ्याने बराच विचार केला. "तसा नाही. आधीच्या राज्यपाल घारबाई होत्या, रवंथाचा प्रश्नच आला नाही."

बाईंनी पान गिळलं. कायदा लागू झाला. मगरी तळ्यात उतरल्या. दुपारी बाईंनी पान वर आणून रवंथ सुरू केला. कायदा स्थगित. मगरी काठावर. संध्याकाळी पुन्हा उलट.

प्रसिद्धिपत्रक: मा. राज्यपालांच्या पोटाचे चार कप्पे आहेत. त्यांपैकी घटनात्मक कप्पा कोणता, हे ठरवण्यासाठी गोचिडांची समिती नेमली आहे. समितीला आतली माहिती आहे.

समितीचं पोट भरेना, त्यामुळे अहवाल येईना. जंगल दुपारी पाणी पीत राहिलं.

शेवटी सिंहाने बाईंची वाळवंटात बदली केली. निरोपाला तरस गहिवरले. "बाईंनी आपल्याला सखोल चर्वणाची परंपरा दिली." बाई रवंथ करत राहिल्या. तोंडात पान होतं.

नवे राज्यपाल अजगर आहेत. बगळा आता जरा लांबच बसतो. तळ्याचं नवं पान त्यांनी पहिल्याच दिवशी सरळ गिळलं. जाब विचारायला सशांचं शिष्टमंडळ गेलं, तेही.

पत्रकात छापून आलं: विरोधकांनाही सामावून घेतले.