तेवीसचे तीन वर्ग

“…म्हणजे नियमच चुकला, असं म्हणतेस?” बागवान सरांनी विचारलं.

“हो सर. सिद्ध करून आणलंय.”

उत्तरा मगदूम बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होती. गणितात तिचा हात धरणारं कॉलेजात कुणी नव्हतं, आणि हे तिला चांगलंच ठाऊक होतं. ग्रुप थिअरी शिकवणाऱ्या तरुण सरांशी ती भर वर्गात वाद घालून आली होती. शुक्रवारी विभागाचं चर्चासत्र होतं. त्यात पुस्तकातला नियम आपण खोटा ठरवणार, असं तिने फळ्यावर लिहूनही टाकलं होतं.

तरुण सर चिडले नाहीत. एकदा मिरजेला जाऊन माझ्या सरांना दाखव, एवढंच म्हणाले.

म्हणून ती आली होती. दाखवायला.

निवृत्त होऊन अकरा वर्षं झालेले बागवान सर पडवीत नवलकोल सोलत बसले होते. वही त्यांनी हातात घेतली नाही. तोंडी सांग म्हणाले.

उत्तराने सांगितलं. घन चोवीस रीतींनी फिरवता येतो, की फिरवल्यावर होता तसाच दिसतो. या फिरवण्यांचे जितके प्रकार, तितकीच त्यांची मूळ रूपं. म्हणजे मॅट्रिक्समध्ये मांडलेली, आणखी न फुटणारी रूपं. प्रत्येक रूपाच्या आकाराचा वर्ग घ्यायचा आणि बेरीज करायची. ती चोवीसच यायला हवी. हा पुस्तकातला नियम.

तिला प्रकार चार मिळाले होते. मुळीच न फिरवणं, पाव फेरा, एक तृतीयांश फेरा आणि अर्धा फेरा. चार प्रकार, म्हणून चार रूपं. त्यातल्या एकाचा आकार नेहमी एक. उरले तेवीस. आणि तेवीस ही तीन वर्गांची बेरीज होऊच शकत नाही.

“तेवीसचं बरोबर आहे,” सर म्हणाले.

उत्तराने वही मिटली.

“अर्धे फेरे किती?”

“नऊ.”

“सगळे एकाच प्रकारचे?”

“दोनदा केले की सगळेच मूळ जागी येतात, सर. त्यात वेगळं काय असणार?”



सरांनी नवलकोल चारी बाजूंनी, मग वरून-खालून कापून नीट घन केला. कोपऱ्यातल्या खराट्याचे दोन हीर मोडून आणले. एक हीर समोरासमोरच्या दोन बाजूंच्या मधोमध आरपार घातला आणि घनाला त्याच्याभोवती अर्धा फेरा दिला. दुसरा हीर समोरासमोरच्या दोन कडांच्या मधोमध घातला. पुन्हा अर्धा फेरा. दोन्ही वेळा घन होता तसाच दिसला.

मग त्यांनी तो तिच्या हातात ठेवला.

“हवा तसा फिरव. फिरवल्यावर घन असाच दिसला पाहिजे. दोन्ही फेरे एकाच प्रकारचे असतील, तर हा पहिला हीर दुसऱ्याच्या जागी आणता येईल. आण.”

सर उरलेली भाजी घेऊन आत गेले.

उत्तराने घन फिरवला. हीर दुसऱ्या बाजूवर आला. पुन्हा फिरवला. तिसऱ्या बाजूवर. चोवीसच्या चोवीस रीती तिने एकेक करून पाहिल्या. बाजूतला हीर बाजूतच जात होता. कडेतला कडेत. आत फोडणीचा चर्र आवाज झाला, तेव्हा तिचे हात थांबले होते.

सर हात पुसत बाहेर आले.

“नऊ नाहीत,” ती हळूच म्हणाली. “तीन आणि सहा आहेत.”



प्रकार चार नव्हतेच. पाच होते. तिने वही उघडून मागच्या पानावर पाच रूपांच्या आकारांचे वर्ग लिहिले: एक, एक, चार, नऊ, नऊ. बेरीज करायची गरजच नव्हती. तरी तिने केली. चोवीस.

तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. फळ्यावरचं तिचं अक्षर सगळ्या विभागाने वाचलं होतं. परत गेल्यावर ते आपल्या हाताने पुसीन, असं ती म्हणाली. आणि वर्गात वाद घातला, तशी माफीही वर्गातच मागीन. सरांनी मान डोलावली. त्यांनी तिला धीर दिला नाही आणि ते रागावलेही नाहीत.

“सर, तुम्हाला केव्हा कळलं?”

“तू चार म्हणालीस तेव्हा.”

“मग सांगितलं का नाही?”

“तू विचारायला कुठे आली होतीस?”

गल्लीतून एक सायकल घंटी वाजवत गेली…

बराच वेळ उत्तरा पाचही आकड्यांकडे बघत होती.

“आता विचारू?”

“विचार.”

“जितके प्रकार, तितकीच रूपं. कमी नाहीत, जास्त नाहीत. असं का, सर?”

“सिद्धता पुस्तकात आहे.”

“ती पाठ आहे मला. एकेक पायरी बरोबर आहे. पण… कुठला प्रकार कुठल्या रूपाचा, ते ती सांगत नाही. मग दोन्ही मोजले की तेवढेच कसे भरतात?”

सरांनी समोरची खुर्ची उचलली. वळसा घालून ती तिच्या शेजारी आणून ठेवली, आणि वही दोघांच्या मध्ये सरकवली.

“हेच मलाही कुणाला तरी विचारायचं होतं,” ते म्हणाले.